उंदरांच्या मेंदूने डिस्लेक्सियाबद्दल काय सांगितलं?

मूल बोलायला चटपटीत, गणितातही बरं. पण वाचायला बसलं की अडखळतं. तळोज्यातल्या घरात असो वा मुंबईतल्या, अशा मुलावर ‘आळशी’ हा शिक्का लवकर बसतो. डिस्लेक्सियामागची कारणं मात्र जन्माआधी मेंदू घडताना शोधली जात आहेत. त्यात उंदरांचा मोठा वाटा आहे.

मेंदूत काय दिसलं?
1985 मध्ये अल्बर्ट गॅलाबर्डा आणि सहकाऱ्यांनी डिस्लेक्सिया असलेल्या चार पुरुषांचे मेंदू मृत्यूनंतर तपासले. गर्भात चेतापेशी आतून मेंदूच्या बाहेरच्या थराकडे सरकतात. या मेंदूंत काही पेशी ठरलेली जागा ओलांडून पुढे गेल्या होत्या. त्यांचे पुंजके भाषेशी संबंधित डाव्या भागात जास्त होते.

उंदीर कशासाठी?
या पुंजक्यांचा परिणाम माणसांवर प्रयोग करून तपासता येत नाही. म्हणून नवजात उंदरांच्या कवटीवर अतिथंड सळई टेकवून मेंदूत तशाच प्रकारची विकृती निर्माण केली गेली. 1994 मध्ये हॉली फिच, पॉला टॅलल आणि सहकाऱ्यांना आढळलं, की अशा नर उंदरांना सावकाश आलेले ध्वनी ओळखता येतात. भराभर आलेल्या ध्वनींतला फरक मात्र कळत नाही. पुढच्या प्रयोगांत माद्यांमध्ये ही अडचण दिसली नाही.

वाचनाशी संबंध काय?
‘बार’ आणि ‘दार’ यांतला फरक सुरुवातीच्या काही शतांश सेकंदांत असतो. कान चांगले असूनही मेंदूला तो टिपता आला नाही, तर ध्वनी आणि अक्षराची जोडी जुळणं अवघड जातं.

मग कोडं सुटलं का?
नाही. उंदीर वाचत नाहीत आणि चार मेंदू हा पुरावा तोकडा आहे. डिस्लेक्सियाशी जोडलेली काही जनुकं उंदरांत पूर्ण बंद केली, तरी पेशी भरकटल्याचं दिसलं नाही. डिस्लेक्सिया असलेल्या प्रत्येक मुलाला ध्वनींची ही अडचण असते, असंही नाही.

पालकांनी काय करावं?
‘कानाचा व्यायाम करा, वाचन सुधारेल’ अशा महागड्या संगणकीय कार्यक्रमांपासून सावध राहावं. टॅलल यांच्याच संशोधनातून पुढे आलेल्या ‘फास्ट फॉरवर्ड’ या कार्यक्रमाच्या चाचण्यांचा 2011 मध्ये एकत्रित आढावा घेतला गेला. त्यात वाचन सुधारल्याचा पुरावा मिळाला नाही. ध्वनी आणि अक्षर यांची जोडी पद्धतशीरपणे, पुन्हा पुन्हा शिकवणं हाच भरवशाचा मार्ग आहे.

पक्कं निदान साधारण आठव्या वर्षाच्या सुमारास होतं. मदत त्याआधीही सुरू करता येते. महाराष्ट्राने 1996 मध्येच अशा विद्यार्थ्यांना परीक्षेत सवलती दिल्या. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातही विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश आहे. तरीही सवलतीची आठवण अनेकदा दहावी जवळ आल्यावरच होते. तळोज्यासह पनवेल महापालिका हद्दीतल्या शाळांनी पहिली-दुसरीतच अडखळणारी मुलं हेरून त्यांच्यासाठी विशेष शिक्षक द्यायला हवा. मेंदूचं संशोधन पूर्ण होईपर्यंत पहिलीतलं मूल थांबू शकत नाही.