नाताळचा अव्वल संघ आणि निकालावरून लिहिलेला इतिहास

१/ इंग्लिश प्रीमियर लीगमध्ये नाताळला गुणतक्त्यात पहिला असलेला संघच मे महिन्यात विजेता ठरतो, असे दरवर्षी छातीठोकपणे सांगितले जाते. तो मागे पडला की तीच मंडळी ‘त्यांनी कच खाल्ली’ असा निवाडा देतात. इतिहासाच्या कसोटीवर ही दोन्ही विधाने लंगडी आहेत.

२/ आधी आकडे. २००९-१० ते २०२४-२५ या १६ हंगामांत नाताळचा अव्वल संघ ११ वेळा विजेता झाला, ५ वेळा नाही. म्हणजे मध्यावरची आघाडी निरर्थक नव्हे. पण सुमारे तीनांतून एकदा चुकणारी खूण म्हणजे विधिलिखितही नव्हे.

३/ आघाडी मोठी असली तर? २०१५च्या नाताळला लेस्टर सिटी अवघ्या २ गुणांनी पुढे होते. त्यांनी विजेतेपद १० गुणांनी जिंकले. उलट जानेवारी १९९६ मध्ये न्यूकॅसल युनायटेडकडे १२ गुणांची आघाडी होती. अखेरीस ते मँचेस्टर युनायटेडच्या ४ गुण मागे राहिले.

४/ न्यूकॅसलच्या घसरणीचे खापर प्रशिक्षक केव्हिन कीगन यांच्या दूरचित्रवाणीवरील संतप्त मुलाखतीवर फोडले जाते. येथे सनावळी तपासावी. मुलाखत २९ एप्रिलची. एरिक कँटोनाच्या गोलने मँचेस्टरने न्यूकॅसलला त्यांच्याच मैदानावर १-० असे हरवले, ते ४ मार्चला. कीगन संतापले तेव्हा अग्रस्थान आधीच गेलेले होते. परिणामानंतर घडलेली गोष्ट त्याचे कारण कशी ठरेल?

५/ आता लिव्हरपूल. १ जानेवारी २०१९ रोजी ते मँचेस्टर सिटीच्या ७ गुण पुढे होते. पूर्ण हंगामात त्यांचा पराभव एकच, ३ जानेवारीला सिटीकडून. अखेरचे गुण ९७. तरीही विजेतेपद ९८ गुणांच्या सिटीला मिळाले, कारण सिटीने शेवटचे १४ सामने सलग जिंकले. यात कच कोणी खाल्ली?

६/ मध्यावरचा गुणतक्ता झालेल्या सामन्यांचा हिशेब देतो. पाठलाग करणारा पुढे काय करील, हे त्यात लिहिलेले नसते. आणि पराभूताच्या स्वभावाची चिकित्सा करणारे नेमके त्यालाच विसरतात.

७/ निकाल ठाऊक झाल्यावर पराभूताच्या प्रत्येक पावलात दुबळेपणा शोधणे सोपे असते. इतिहासाच्या अभ्यासकाने मात्र जानेवारीचा गुणतक्ता जानेवारीतच उभे राहून वाचावा. तेवढा न्याय ९७ गुण मिळवूनही दुसऱ्या आलेल्या संघाला मिळायलाच हवा.