खाण बुजवण्याआधी वर्षभर नोंद ठेवा



खडीसाठी, मुरमासाठी आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यात गावोगाव जमीन खोदली गेली. कोपरगाव तालुक्यातून समृद्धी महामार्ग गेला, पारनेर तालुक्यात सुप्याची एमआयडीसी वाढली, गावांचे रस्ते झाले. डंपर गेले, खड्डे राहिले. सातबाऱ्यावर ती जमीन अनेकदा पोटखराबा. आता जमिनीला भाव आला, की राडारोडा टाकून खाण भरायची आणि प्लॉट पाडायचे, हे ओघाने आलेच.

भरण्याआधी पाहणी होते ती बहुधा मे महिन्यात, तासाभरात. मे महिन्यात खाणीत काय दिसणार? तळाला चिखल आणि दारूच्या बाटल्या! तीच खाण पहिल्या वळवानंतर पाहा. पिवळेधमक बेडूक रात्रभर ओरडत असतात. दिवाळीच्या सुमारास टिबुकली पिलांसह बुड्या मारताना दिसेल. हिवाळ्यात कपारीत शृंगी घुबड अंडी घालते, घरटे न बांधता, उघड्या दगडावर. उन्हाळ्यात मुरमाच्या उभ्या कड्यात भोके दिसली तर ती उंदराची समजू नका. आत वेड्या राघूची पिले असतात.

पाण्याचा हिशेब याहून मोठा. आपल्या काळ्या पाषाणाच्या भेगांमधून पाणी वाहते. खाणीत मुरलेले पाणी कोणाच्या विहिरीला उतरते, हे शेजारच्या शेतकऱ्याइतके कोणाला ठाऊक? त्याच खाणीत कचरा ओतला, तर त्याची घाणही त्याच वाटेने विहिरीत.

कायद्यावर विसंबून राहू नका. २०१७ चे पाणथळ नियम मुख्यतः रामसर स्थळांना आणि सरकारने अधिसूचित केलेल्या जागांना लागू होतात. २०११ च्या राष्ट्रीय पाणथळ नकाशात सव्वादोन हेक्टरांहून, म्हणजे साडेपाच एकरांहून, लहान पाणवठे नुसते ठिपके आहेत. आपल्या बहुतेक खाणी त्या मापाच्या आतल्याच.

हाती आहे ती ग्रामपंचायतीची जैवविविधता व्यवस्थापन समिती. २००२ च्या जैवविविधता कायद्याने ती प्रत्येक ग्रामपंचायतीत असायला हवी आणि तिने लोक जैवविविधता नोंदवही ठेवायला हवी. बऱ्याच गावांत ती वही कपाटात आहे. ती बाहेर काढा.

प्रत्येक खाण राखा, असे आमचे म्हणणे नाही. काही खाणींत मुले बुडाली आहेत. तिथे आधी कुंपण घाला, मग बाकीचे. काही ठिकाणी खरोखरच काही उरलेले नसते, ती खुशाल भरा. पण हे वर्षाच्या नोंदीनंतर ठरू द्या.

येत्या १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत तसा ठराव मांडा. खाणीचा गट नंबर त्यात लिहा. दर महिन्याला एकाच जागेवरून फोटो काढा, भोवतालच्या विहिरींची पाणीपातळी दोरीने मोजा आणि मेंढपाळांना विचारा; जनावरे कुठे पाणी पितात, हे त्यांना तोंडपाठ असते. खाण भरून प्लॉट पाडण्याचा प्रस्ताव आला, तर ग्रामपंचायतीने नोंदवहीची प्रत जोडूनच आपले म्हणणे तहसीलदारांकडे पाठवावे.

आपले,
जिल्ह्यातील काही शेतकरी आणि पक्षीनिरीक्षक