जकात, दुष्काळ आणि राज्यकर्त्याचे दायित्व

जकात हा शब्द मराठी माणसाला ठाऊक आहे तो नाक्यावरच्या करामुळे. मालमोटार अडवून वसूल होणारा हा कर २०१७ साली मुंबईतूनही संपला. परंतु ज्या अरबी शब्दापासून तो आपल्याकडे आला, त्याचा अर्थ शुद्धी आणि वृद्धी असा आहे. शब्द आपण घेतला आणि आशय मात्र सीमेवरच राहिला. इस्लामविषयीच्या आपल्या एकूण ज्ञानाचीही अवस्था याहून फारशी वेगळी नाही.

जकात हा इस्लामच्या पाच आधारस्तंभांपैकी एक. विशिष्ट मर्यादेपेक्षा अधिक संपत्ती वर्षभर बाळगणाऱ्याने तिचा अडीच टक्के भाग द्यावयाचा असतो. शेतीच्या उत्पन्नावरील दर निराळे आहेत. पावसाच्या पाण्यावर पिकलेल्या धान्याचा दहावा हिस्सा, तर कष्टाने पाणी देऊन पिकविलेल्या धान्याचा विसावा. म्हणजे श्रमाचे मोल जाणून कर अर्ध्यावर आणला आहे. खर्चाच्या आठ बाबी कुराणात सांगितल्या आहेत. त्यांत गरीब आणि निराधार तर आहेतच, पण कर्जात बुडालेला मनुष्य आणि गुलामांची मुक्तता यांचाही समावेश आहे. याहून महत्त्वाचे म्हणजे, श्रीमंताच्या संपत्तीतील हा वाटा म्हणजे याचकाचा व वंचिताचा हक्क आहे, अशी त्यामागची धारणा आहे. दाता येथे उपकारकर्ता उरत नाही.

या तत्त्वाची कसोटी लागली ती दुसरे खलीफा उमर यांच्या कारकीर्दीत. इ. स. ६३९ च्या सुमारास हिजाझमध्ये भीषण दुष्काळ पडला. उमर यांनी सीरिया आणि इराकच्या सुभेदारांकडून धान्य मागविले आणि मदिनेत आश्रयाला आलेल्यांसाठी अन्नछत्रे उघडली. लोकांना तूप मिळेपर्यंत आपण ते खाणार नाही, असा त्यांनी निश्चय केला व तेलावर दिवस काढले, असे परंपरा सांगते. परंतु आपल्याकडे उपवास करणाऱ्या पुढाऱ्यांची वाण नाही. अधिक मोलाचे आहेत ते त्या वर्षीचे त्यांचे निर्णय. जकातीची वसुली पुढे ढकलण्यात आली आणि भुकेपोटी चोरी करणाऱ्याचे हात तोडण्याची शिक्षा स्थगित झाली. जे राज्य अन्न देऊ शकत नाही, त्याला भुकेल्यास दंड करण्याचा नैतिक अधिकार नाही, हेच तत्त्व त्यात मान्य झाले होते.

दुसरी कथा अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने तर अवश्य अभ्यासावी. उमर यांनी मुलांना वेतन सुरू केले, पण ते दूध सुटलेल्या मुलांपुरते. एका रात्री त्यांना एक तान्हे मूल सतत रडताना ऐकू आले. वेतन लवकर मिळावे म्हणून आई त्याचे दूध अकाली तोडू पाहत होती! आपल्याच नियमाने किती बालकांचा घात केला असेल, या विचाराने ते व्यथित झाले आणि वेतन जन्मापासून लागू करण्यात आले. योजनेचा हेतू चांगला असून भागत नाही. तिच्या अटी गरिबाला काय करावयास भाग पाडतात, हे पाहावे लागते. पात्रतेच्या दाखल्यांसाठी वृद्धांना व विधवांना खेटे घालावयास लावणाऱ्या आपल्या कारभाराने त्या आईची आठवण ठेवावी.

तिसरा प्रसंग अबू यूसुफ यांनी आठव्या शतकात लिहिलेल्या करविषयक ग्रंथात येतो. भीक मागणाऱ्या एका वृद्ध, अंध ज्यू माणसाचा जिझिया उमर यांनी माफ केला आणि त्याला बैतुलमालमधून, म्हणजे सार्वजनिक कोषातून, साहाय्य देवविले. तारुण्यात ज्याच्याकडून कर घेतला त्याला म्हातारपणी वाऱ्यावर सोडणे अन्याय्य, ही त्यामागची भूमिका. वृद्धापकाळच्या निवृत्तिवेतनाचे याहून नेमके समर्थन क्वचितच आढळेल.

या कथा नंतरच्या पिढ्यांनी लिहून ठेवलेल्या आहेत आणि त्यांत भक्तीचा रंग मिसळला असणार, हे उघड आहे. कोषात येणाऱ्या धनाचा मोठा भाग जिंकलेल्या प्रदेशांतून येत होता, जिझिया मुस्लिमेतरांवरच होता, गुलामगिरी नष्ट झाली नव्हती आणि खुद्द उमर यांनी ठरविलेली वेतने श्रेणीबद्ध व विषम होती. ६६१ नंतर तर खिलाफत वंशपरंपरागत राजेशाहीच्या वाटेला लागली. एका पुरुषाची करुणा त्याच्याबरोबर संपते. तिला संस्थेचा आधार नसेल, तर कोष पुन्हा राजाचा होतो.

केवळ सरकारी सक्तीनेही हेतू साधत नाही. पाकिस्तानात १९८० साली लष्करी राजवटीने वटहुकूम काढून बँकांतील बचत खात्यांतून जकात कापण्यास प्रारंभ केला. शिया समाजाने प्रखर विरोध केला व सूट मिळविली. इतर अनेक खातेदार रमजानपूर्वी पैसे काढून घेऊ लागले. ज्या सत्तेला जनतेची संमती नाही, तिच्या हाती धर्माचा करही केवळ वसुली ठरतो.

महाराष्ट्राला हा धडा परका नाही. १९७२ च्या दुष्काळात येथील कष्टकऱ्यांनी खिचडीचे दान मागितले नाही, काम मागितले; आणि त्या रेट्यातूनच १९७७ चा रोजगार हमी कायदा झाला. वंचिताचा वाटा हा त्याचा हक्क आहे, ही कुराणातील धारणा आणि हा कायदा यांचे मूळ निराळे असले, तरी दिशा एकच आहे. मुस्लिम बांधवांनी जकातीला रमजानमधील रांगेपुरती न ठेवता शिक्षणाची, कर्जमुक्तीची व स्त्रियांच्या स्वावलंबनाची शक्ती बनवावे. आणि इतरांनी त्यांच्या परंपरेतील हा समतेचा धागा ओळखावा. दयाळू राज्यकर्ता लाभणे हे प्रजेचे भाग्य असेल. पण नागरिकाला भाग्यावर विसंबावे लागू नये, यासाठीच तर लोकशाही आणि समाजवाद आहे.