सिंदुराखालची अक्षरे

2021 च्या जानेवारीत नेटफ्लिक्सवर आलेला ‘द डिग’ हा चित्रपट इतिहासाची आवड असलेल्या कुणीही चुकवू नये. गोष्ट 1939 च्या उन्हाळ्यातली. इंग्लंडमधल्या सफोक परगण्यात, सटन हू येथे, एडिथ प्रिटी या जमीनदार विधवेने आपल्या जमिनीतले जुने मातीचे उंचवटे खणायला बेसिल ब्राउन यांना कामावर ठेवले. ब्राउन शाळा लवकर सुटलेले, स्वतःच्या बळावर शिकलेले उत्खनक. त्यांना जे सापडले ते सुमारे 27 मीटर लांबीचे जहाज. लाकूड केव्हाच कुजून गेले होते. उरल्या होत्या लोखंडी खिळ्यांच्या रांगा आणि वाळूत उमटलेला जहाजाचा आकार. त्याच्या पोटात सातव्या शतकाच्या आरंभीच्या एका अँग्लो-सॅक्सन राजाचे, बहुधा रेडवाल्डचे, शिरस्त्राण, सोने आणि रत्नजडित अलंकार होते. शोधाचा गवगवा होताच केंब्रिजचे चार्ल्स फिलिप्स आले आणि उत्खननाची सूत्रे ब्राउन यांच्या हातून गेली. ऑगस्टमध्ये पंचांनी खजिना प्रिटीबाईंचा ठरवला. त्यांनी तो सगळा ब्रिटिश म्युझियमला देऊन टाकला. पुढची कित्येक वर्षे तिथल्या मांडणीत ब्राउन यांचे नाव मात्र नव्हते. चित्रपटाने हे ऋण फेडले आणि म्हणूनच तो मनाला भिडतो.

तो पाहून उठणाऱ्या मराठी प्रेक्षकाला एक गोष्ट सांगायला हवी. सटन हूला फावडे लागले त्याच सुमारास, 1938-39 मध्ये, ग्वाल्हेर संस्थानाचे पुरातत्त्व खाते उज्जैनजवळची कुम्हार टेकडी खणत होते. तीही मृतांचीच जागा होती. दफन आणि दहन, दोन्हींच्या खुणा तिथे मिळाल्या. खात्याचे प्रमुख होते मोरेश्वर बळवंत गर्दे. सोने निघाले नाही, गाजावाजा झाला नाही. खात्याच्या वार्षिक अहवालात नोंद झाली आणि काम पुढे चालू राहिले.

ग्वाल्हेर संस्थानातल्या शोधांची तऱ्हाच अशी आहे. विदिशेजवळ बेसनगरला एक दगडी खांब उभा आहे. आसपासचे लोक त्याला खांबबाबा म्हणून पुजत, शेंदूर फासत. 1877 मध्ये पुरातत्त्वज्ञ अलेक्झांडर कनिंगहॅम तिथे आले, तेव्हा शेंदराचे थर इतके जाड होते की खाली काही कोरलेले असेल याचा त्यांना पत्ता लागला नाही. घडणीवरून त्यांनी खांब गुप्तकाळातला ठरवला. 1909 मध्ये ग्वाल्हेर दरबारचे इंजिनियर लेक आणि भारतीय पुरातत्त्व विभागाचे प्रमुख जॉन मार्शल यांच्या नजरेला अक्षरे पडली. शेंदूर काढल्यावर ब्राह्मी लेख निघाला: तक्षशिलेचा राहणारा, दियाचा मुलगा हेलिओडोरस, अंतलिकित या ग्रीक राजाचा दूत, त्याने काशीपुत्र भागभद्र राजाच्या चौदाव्या वर्षी देवाधिदेव वासुदेवाचा हा गरुडध्वज उभारला. लेखात तो स्वतःला भागवत म्हणवतो. कनिंगहॅमचा अंदाज काही शतकांनी चुकला होता. खांब इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातला निघाला.

मग 1913 ते 1915 या काळात देवदत्त रामकृष्ण भांडारकर यांनी शिंदे सरकारच्या पाठबळावर तिथे उत्खनन केले. पण टेकाडावर पुजाऱ्याचे घर होते, त्यामुळे काम अपुरे राहिले. ते पुरे व्हायला 1963-65 उजाडावे लागले. म. द. खरे यांच्या त्या उत्खननात खांबाच्याही आधीच्या लंबवर्तुळाकार देवळाचा पाया निघाला. वरचे लाकूड नाहीसे झाले होते. मातीतल्या चरांवरून आणि खुणांवरून देवळाचा आकार वाचावा लागला. सफोकच्या वाळूत ब्राउन यांनी जे केले, तेच हे कसब. वासुदेवाच्या उपासनेचा इतका जुना वास्तुपुरावा देशात क्वचितच आढळेल. एका खांबाचे म्हणणे पुरते कळायला कनिंगहॅमपासून खऱ्यांपर्यंत जवळजवळ नव्वद वर्षे लागली. दोन तासांच्या चित्रपटात हे मावणारे नाही.

या काळात संस्थानभर सर्वांत कष्टाचे काम केले ते गर्द्यांच्या खात्याने. माधवराव महाराज शिंदे यांच्या कारकिर्दीत 1913 मध्ये हे खाते सुरू झाले आणि गर्दे त्याचे पहिले अधिकारी झाले. संस्थानाचा मुलूख चंबळपासून माळव्यापर्यंत विखुरलेला. बाघच्या लेण्यांचा दगड ठिसूळ, चित्रे झडत चाललेली. दुरुस्तीबरोबरच 1921 मध्ये नंदलाल बोस, असितकुमार हालदार वगैरे चित्रकारांकडून त्या चित्रांच्या नकला करून घेतल्या गेल्या. आज भिंतींवर जे उरलेले नाही, त्यातले बरेच आपल्याला या नकलांमुळेच ठाऊक आहे. 1922 मध्ये किल्ल्याच्या पायथ्याशी, मानसिंह तोमराने बांधलेल्या गुजरी महालात, संग्रहालय लोकांसाठी उघडले.

त्या संग्रहालयात पवायाच्या वस्तूंपाशी मराठी माणसाने जरा जास्त वेळ थांबावे. पवाया म्हणजे सिंध आणि पार्वती नद्यांच्या संगमावरची, नागराजांची पद्मावती. भवभूतीचे ‘मालतीमाधव’ याच नगरीत घडते, आणि भवभूती मूळचा विदर्भातल्या पद्मपूरचा. गर्द्यांनी 1914-15 पासून या जागेचा पाठपुरावा केला. नाटकातल्या नद्या आणि जमिनीवरच्या नद्या ताडून पाहिल्या, पुढे वेळोवेळी उत्खनने केली. तिथली मणिभद्र यक्षाची मूर्ती आज गुजरी महालात आहे. बैठकीवरचा लेख सांगतो की शिवनंदी राजाच्या चौथ्या वर्षी एका गोष्ठीच्या, म्हणजे मंडळाच्या, सभासदांनी ती मिळून बसवली. जवळच एक कोरीव दगड आहे. मधोमध नर्तकी, भोवती वाद्ये घेतलेल्या बायका. एकीच्या हाती धनुष्यासारखी वाकलेली वीणा, बाकीच्यांकडे आणखी तंतुवाद्ये आणि चर्मवाद्ये. ज्या शहराची ख्याल गायकी बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी महाराष्ट्रात रुजवली, त्या शहराच्या संग्रहात गुप्तकाळाच्या आसपासची ही मैफल असावी, हा योग मोठा.

‘द डिग’ एका उन्हाळ्याची, एका भाग्यवान कुदळीची गोष्ट सांगतो. तशी गोष्ट रंगते, कारण तिला सुरुवात, कळस आणि अन्याय असतो. इतिहास मात्र बहुतांशी दुसऱ्याच कामावर उभा असतो: दरसालचे अहवाल, ठसे, मोजमापे, गळती थांबवणे, वस्तूंना क्रमांक देणे. हे काम संस्थानी थाटातून आले हे खरे. दरबाराला कीर्ती हवी होती आणि प्रत्यक्ष टोपल्या उचलणाऱ्यांची नावे कुठल्याच अहवालात ठळक नाहीत. पण थाट ओसरल्यावरही काम टिकले, कारण त्यामागे खाते होते. प्रिटीबाईंचे औदार्य थोर. पण ते एका व्यक्तीच्या मनावर अवलंबून होते. ज्या समाजाला आपला भूतकाळ सांभाळायचा आहे, त्याला अशा दिलदार माणसांची वाट पाहत बसून चालत नाही. त्याला पगारी, चिकाटीची, निवृत्तीनंतर विसरली जाणारी माणसे लागतात.

आणि विसरण्यात आपण इंग्रजांच्याही पुढे आहोत. ब्राउन यांना उशिरा का होईना, न्याय मिळाला. भांडारकरांचे नाव अभ्यासक तरी घेतात. गर्द्यांचे नाव ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या आणि पुण्यातल्या किती मराठी घरांत ठाऊक आहे? आपली मंडळी अटकेपार झेंड्याचा अभिमान बाळगतात, पण त्याच उत्तरेत बसून ज्यांनी नागराजांची नगरी पुन्हा नकाशावर आणली, त्यांच्या कामाचे साधे मराठी चरित्र दुकानात मागून मिळत नाही. ग्वाल्हेरच्या मराठी संस्थांनी हे मनावर घ्यावे. गर्द्यांच्या वेळचे वार्षिक अहवाल एकत्र करून, मराठी आणि हिंदी प्रस्तावनेसह पुन्हा छापावेत. यासाठी खजिना सापडण्याची गरज नाही. कागद आहेत, ते वाचणारे हवेत. वाचकांनीही चित्रपट जरूर पाहावा, आणि पुढच्या ग्वाल्हेर भेटीत किल्ला चढण्याआधी एक तास गुजरी महालासाठी राखून ठेवावा.