कोऱ्या डेनिमची खरेदी : आकडा एक, माप दुसरे आणि खरेपणाचा पेच

नवी दिल्ली : तयार कपड्यांवरील वस्तू व सेवा कराची रचना २२ सप्टेंबर २०२५ पासून बदलली. पूर्वी नगामागे १ हजार रुपयांपर्यंत ५ टक्के आणि त्यापुढे १२ टक्के कर होता. आता अडीच हजार रुपयांपर्यंत ५ टक्के आणि त्यावर थेट १८ टक्के कर लागतो. सर्वसाधारण ग्राहकाला या बदलाने दिलासा मिळाला. नामांकित ब्रँडच्या महागड्या जीन्सच्या बाबतीत मात्र त्याचा परिणाम उलट दिशेने झाला. करपूर्व १० हजार रुपयांची जीन्स पूर्वी ११ हजार २०० रुपयांना पडत असे. ती आता ११ हजार ८०० रुपयांना पडते. करपूर्व २ हजार रुपयांची जीन्स २ हजार २४० रुपयांवरून २ हजार १०० रुपयांवर आली. अस्सल माल महागला आणि स्वस्त माल आणखी स्वस्त झाला. बिलाशिवाय विकल्या जाणाऱ्या नकली मालाला तर कर लागतच नाही. त्याच्या आणि अस्सल मालाच्या किमतीतील दरी त्यामुळे अधिकच रुंदावली आहे.

या दरीची सर्वाधिक झळ ‘रॉ डेनिम’ म्हणजे कोऱ्या डेनिमच्या ग्राहकाला बसते. देशाच्या एकूण वस्त्रबाजारात हा व्यवहार लहान आहे. परंतु येथे एका जीन्ससाठी दहा, वीस, प्रसंगी तीस हजार रुपयेही मोजले जातात. शिवाय हा कपडा एकदा पाण्यात घातला की परतीचा मार्ग बहुधा संपतो. माप चुकले, तर तो दोष कोणाचा हे ठरवणे कठीण होते.

बाजारातील बहुतेक जीन्स शिवून झाल्यावर कारखान्यात धुतली जाते. दगड, रसायने, वितंचके किंवा लेझर यांच्या साहाय्याने ती मऊ आणि फिकी केली जाते. ठाणे जिल्ह्यातील उल्हासनगर जीन्सच्या शिलाईसाठी प्रसिद्ध आहे, आणि तेथील वालधुनी नदीच्या प्रदूषणाच्या चर्चेत जीन्स धुलाईच्या कारखान्यांचा उल्लेख वारंवार झालेला आहे. कोऱ्या डेनिमची जीन्स या प्रक्रियेतून जात नाही. विणताना धाग्याला दिलेली खळ तीत तशीच असते, कापड पुठ्ठ्यासारखे ताठ असते आणि रंग गडद निळा असतो. डेनिममध्ये उभा धागा निळीत रंगवलेला आणि आडवा पांढरा असतो. उभ्या धाग्यातही नीळ पृष्ठभागावरच बसते. गाभा पांढरा राहतो. त्यामुळे गुडघ्यामागच्या घड्या, खिशातील पाकिटाची कड, मांडीवरच्या चुण्या अशा घर्षणाच्या जागी रंग उडून पांढऱ्या रेषा उमटतात. दोन माणसांच्या जीन्सवर त्या सारख्या नसतात. ग्राहक पैसे मोजतो ते या घडणाऱ्या खुणांसाठी. (जाड सुती कापडासाठी इंग्रजीत रूढ झालेला ‘डंगरी’ हा शब्द मुंबईच्या डोंगरीवरून आला, हे या संदर्भात अनेकांना ठाऊक नसते.)

मापाचा प्रश्न येथूनच सुरू होतो. कोरी डेनिम दोन प्रकारची असते. पहिल्या प्रकारात शिवण्यापूर्वी कापड यंत्रावर दाबून आधीच आटवलेले असते. अमेरिकी संशोधक सॅनफोर्ड क्लुएट यांनी १९३० च्या सुमारास विकसित केलेली ही पद्धत त्यांच्याच नावावरून ‘सॅनफरायझेशन’ म्हणून ओळखली जाते. असे कापड धुतल्यावर साधारणतः १ ते ३ टक्के आटते. दुसऱ्या प्रकारात कापड मागावरून उतरले तसेच शिवले जाते. ते पहिल्या धुण्यात १० टक्क्यांपर्यंत आटू शकते आणि रुंदीपेक्षा लांबीत अधिक आटते. ३४ इंच लांबीची जीन्स १० टक्के आटली, तर ती ३०.६ इंचांवर येते. टाचेवर रुळणारा कपडा घोट्याच्या वर जातो. कंबर वापराने पुन्हा काहीशी सैल होते, लांबी मात्र फारशी परत येत नाही.

म्हणूनच या क्षेत्रात परस्परविरोधी सल्ले एकाच वेळी खरे असतात. लिव्हाइसच्या न आटवलेल्या ‘५०१’ जीन्ससाठी कंबर एक-दोन इंच आणि लांबी तीन-चार इंच वाढवून घ्यावी, असा प्रघात आहे. फ्रान्सच्या ‘ए.पी.सी.’ या ब्रँडच्या जीन्ससाठी मात्र नेहमीच्या आकड्यापेक्षा एक, क्वचित दोन आकडे कमी घ्यावेत, असे सांगितले जाते. तिचे कापड आटवलेले असते, लेबलवरील आकड्यापेक्षा कंबर प्रत्यक्षात मोठी असते आणि ती वापराने आणखी सैलावते. ३२ इंच कंबरेच्या एकाच ग्राहकाने एका ठिकाणी ३३ आणि दुसऱ्या ठिकाणी ३१ किंवा ३० हा आकडा निवडणे यात विसंगती काहीच नाही. विसंगती लेबलवर आहे. बाजारातील ३२ आकड्याच्या अनेक जीन्सची कंबर टेपने मोजली तर ३४ किंवा ३५ इंच भरते. ग्राहकाला आपण सडपातळ आहोत असे वाटावे, यासाठी रूढ झालेली ही उदारता आहे.

कायद्याने या गोंधळाला काही प्रमाणात आवर घालण्याचा प्रयत्न केला आहे. वेष्टनबद्ध वस्तूंविषयीच्या वैधमापन नियमांत २०२२ मध्ये झालेल्या दुरुस्तीने सुट्या विकल्या जाणाऱ्या तयार कपड्यांना अनेक तपशिलांतून सूट दिली. परंतु ‘एस’, ‘एम’, ‘एल’ यांसारख्या आकाराच्या खुणेसोबत सेंटिमीटर अथवा मीटरमधील माप, कमाल किरकोळ किंमत आणि आयात माल असल्यास मूळ देश देणे बंधनकारक ठेवले. त्यामुळे जीन्सच्या पट्टीवर ३२ या आकड्याशेजारी ८१ सेंटिमीटर असे लिहिलेले आढळते. मात्र हे माप अंगाचे की कपड्याचे, धुण्यापूर्वीचे की नंतरचे, हे पट्टीवरून कळत नाही. तयार, धुतलेल्या जीन्सच्या बाबतीत ही उणीव खपून जाते. कोऱ्या डेनिममध्ये नेमकी तीच माहिती निर्णायक असते.

भारतीय शरीरयष्टीला अनुरूप मापे ठरवण्यासाठी केंद्रीय वस्त्रोद्योग मंत्रालय आणि राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्था यांनी ‘इंडियासाइज’ हा उपक्रम हाती घेतला. दिल्ली, मुंबई, कोलकाता, हैदराबाद, बंगळुरू आणि शिलाँग या सहा शहरांत २५ हजार व्यक्तींची त्रिमितीय मोजणी असे त्याचे स्वरूप आहे. देशी ब्रँडना त्याचा लाभ होईल यात शंका नाही. परंतु ओसाका किंवा पॅरिस येथील निर्माता आपल्याच साच्यावर कापड कापणार, हेही उघड आहे.

अशा स्थितीत ग्राहकाच्या हाती उरतो तो शिंप्याचा टेप. आकड्याशी आकडा जुळवण्याऐवजी कपड्याशी कपडा जुळवावा लागतो. अंगाला नीट बसणारी एखादी जुनी जीन्स सपाट पसरून कंबर, पुढच्या बाजूने कंबरपट्टीपासून दोन्ही पायांच्या जोडापर्यंतचे अंतर, जोडाखाली मांडीची रुंदी, आतल्या शिवणीची लांबी आणि पायघोळाची रुंदी ही पाच मापे घ्यावीत, आणि विक्रेत्याकडून त्याच पाच मापांची मागणी करावी. अनेक जपानी निर्माते धुण्यापूर्वीची आणि धुतल्यानंतरची अशी दोन्ही मापे स्वतःहून प्रसिद्ध करतात. ती न देणाऱ्या विक्रेत्याला विचारणा करण्यात संकोच नसावा. यांतील कंबर आणि लांबी पुढे शिंप्याकडून थोडीफार दुरुस्त करता येते. मांडी आणि कंबरेपासून जोडापर्यंतचे अंतर यांत चूक झाली, तर इलाज जवळपास नाही. कापडाचे वजनही पाहणे अगत्याचे आहे. ते प्रति चौरस यार्ड औंसांत दिले जाते. १४ औंस म्हणजे प्रति चौरस मीटर सुमारे ४७५ ग्रॅम. २१ औंसांची जीन्स विदर्भाच्या मे महिन्यात अंगावर घालणे ही हौस नव्हे, तपश्चर्या आहे.

खरेपणाची परीक्षा याहून अवघड आहे, कारण तिच्यासाठी सांगितल्या जाणाऱ्या बहुतेक खुणा अर्धसत्य असतात. सर्वांत लोकप्रिय खूण म्हणजे ‘सेल्व्हेज’, अर्थात कापडाची मागावरच बांधली गेलेली काठ. जुन्या पद्धतीच्या धोट्याच्या मागावर कापडाचा पन्हा लहान, साधारण ३० इंचांच्या आसपास असतो आणि दोन्ही कडा सुबक बांधल्या जातात. जीन्सचा पाय दुमडला की बाहेरच्या शिवणीवर बहुधा लाल धाग्याची ही काठ दिसते. परंतु काठ असलेली प्रत्येक जीन्स कोरी नसते, आणि प्रत्येक कोऱ्या जीन्सला काठ नसते. शिवाय तशी दिसणारी पट्टी साध्या कापडावर वरून शिवताही येते. शिवण उलगडून पाहिल्यावर काठ कापडाच्याच विणीतून आलेली आहे की नाही, हे कळते. तीही अस्सल असेल, तर त्यावरून कापड कोणत्या प्रकारच्या मागाचे, एवढेच सिद्ध होते. ब्रँड सिद्ध होत नाही.

‘मेड इन’ पट्टीचेही तसेच आहे. ती कपडा कोठे शिवला हे सांगते, कापड कोठे विणले हे सांगत नाही. फ्रेंच ब्रँड, जपानी कापड आणि तिसऱ्याच देशातील शिलाई असा संयोग सर्रास आढळतो. त्यामुळे अनपेक्षित देशाचे नाव दिसले म्हणून माल नकली ठरत नाही. अहमदाबादच्या अरविंद समूहाने १९८० च्या दशकात डेनिममध्ये प्रवेश केला आणि तो जगातील मोठ्या उत्पादकांत गणला गेला. काठाची डेनिमही तेथे विणली जाते. यवतमाळ येथेही डेनिमची मोठी गिरणी आहे. परदेशी नावाखाली विकत घेतलेल्या कापडाचा धागा भारतीय असणे मुळीच अशक्य नाही. याउलट काही दावे तारखेवर तपासता येतात. अमेरिकेत ग्रीन्सबरो येथील कोन मिल्सची ‘व्हाइट ओक’ गिरणी २०१७ च्या अखेरीस बंद झाली. त्यानंतर शिवलेल्या जीन्सवर तिच्या कापडाचा दावा असेल, तर ते जुन्या साठ्यातील आहे काय, हे विक्रेत्याने सांगायला हवे.

जुन्या, संग्राह्य जीन्सच्या बाबतीत अशा तारखा अधिक उपयोगी ठरतात. लिव्हाइसची लाल पट्टी १९३६ मध्ये आली, मागच्या खिशांचे लपवलेले रिव्हेट १९६६ मध्ये काढले गेले आणि लाल पट्टीवरील ब्रँडच्या नावातील ‘ई’ हे अक्षर १९७१ मध्ये मोठ्या लिपीतून लहान लिपीत आले. मोठ्या ‘ई’ची पट्टी आणि त्यानंतरच्या काळातील बांधणी एकत्र दिसली, तर संशयास जागा आहे, अर्थात मोठ्या ‘ई’ची जुन्या नमुन्यांची पुनर्निर्मिती स्वतः कंपनीही करते. मागच्या खिशावरील कमानीदार टाक्यांवरून तर वेगळाच पेच उभा राहतो. लिव्हाइसने २००७ च्या सुमारास अशा टाक्यांवरून अनेक ब्रँडविरुद्ध अमेरिकेत दावे लावले आणि त्यात जपानी निर्मातेही होते. परिणामी काही ब्रँडच्या निर्यातीच्या जीन्सवरील नक्षी देशांतर्गत विक्रीच्या जीन्सपेक्षा वेगळी झाली. छायाचित्राशी खिशाची नक्षी जुळत नाही, एवढ्यावरून निष्कर्ष काढणाऱ्याची त्यामुळे फसगत होते.

भारतात या नक्षीला भक्कम संरक्षण आहे. दिल्ली उच्च न्यायालयाने २०२२ मध्ये लिव्हाइसची कमानीदार शिवण ‘सुपरिचित व्यापारचिन्ह’ म्हणून घोषित केली. व्यापारचिन्ह कायदा, १९९९ च्या कलम १०३ मध्ये खोट्या चिन्हासाठी सहा महिने ते तीन वर्षे कारावास आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंडाची तरतूद आहे. ‘खोटे व्यापारी वर्णन’ही याच कलमाखाली येते आणि माल कोणत्या देशात तयार झाला, हा त्या वर्णनाचा भाग आहे. परंतु या कायद्याची रचना मुख्यतः चिन्हाच्या मालकासाठी आहे. पोलीस उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याला वॉरंटशिवाय जप्ती करता येते, तीही निबंधकाचे मत घेऊनच. वीस हजार रुपये गमावलेल्या ग्राहकाला या मार्गाने रक्कम परत मिळत नाही. दिल्लीतील टँक रोडचे नाव अमेरिकी व्यापार प्रतिनिधींच्या कुप्रसिद्ध बाजारांच्या यादीत येत राहते, ते ब्रँडच्या तक्रारीवरून, ग्राहकाच्या नव्हे.

ग्राहकाचा मार्ग ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मधून जातो. ई-वाणिज्याविषयीच्या २०२० च्या नियमांनुसार बनावट, सदोष किंवा जाहिरातीशी न जुळणारा माल परत घेण्यास विक्रेत्याला नकार देता येत नाही. ५ लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला जिल्हा आयोगात शुल्क नाही, मुदत दोन वर्षांची आहे आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. या साऱ्यासाठी बिल, विक्रेत्याने दिलेल्या मापांची लेखी नोंद आणि जीन्स पाण्यात घालण्यापूर्वी टेपसह काढलेली छायाचित्रे हाताशी असणे आवश्यक आहे. कोरी डेनिम भिजवल्यानंतर ‘माप चुकीचे पाठवले’ आणि ‘कापड आटले’ यांतील फरक कोणत्याही आयोगापुढे सिद्ध करणे कठीण होते.

या नियमांची एक मर्यादा मात्र नेमकी या बाजाराच्या मर्मावर येते. नियमित व्यवसाय म्हणून नव्हे, तर वैयक्तिकरीत्या वस्तू विकणाऱ्या व्यक्तीला ई-वाणिज्याचे नियम लागू होत नाहीत. दुर्मीळ, बंद पडलेल्या नमुन्याच्या किंवा थोड्याच दिवस वापरलेल्या जीन्स हातोहात विकल्या जातात त्या बहुतांशी अशाच व्यक्तींकडून, आणि तेथे बिलही नसते.