नव्वदीच्या उंबरठ्यावरचा ब्राम्स

वयोवृद्ध कलावंताचे ध्वनिमुद्रण आपण बहुधा वयाची सवलत देऊन ऐकतो. 'या वयातही' एवढे म्हटले की ऐकणाऱ्याची जबाबदारी संपते. पियानोवादक आर्थर रुबिनस्टाइन यांनी १९७६मध्ये केलेले संगीतकार ब्राम्सच्या पहिल्या पियानो कन्चर्टोचे मुद्रण असे ऐकले, तर त्यातले मोलाचे तेच निसटते.

त्या वेळी ते ८९ वर्षांचे होते. नजरेचा मध्यभाग जवळजवळ गेला होता. पियानोच्या पट्ट्या नीट दिसत नव्हत्या. वाद्यवृंद इस्रायल फिलहार्मोनिकचा आणि संचालन मुंबईत जन्मलेल्या, तेव्हा जेमतेम चाळिशीला पोचलेल्या झुबिन मेहतांचे. त्याच वर्षी रुबिनस्टाइन यांनी मैफलींचा निरोप घेतला.

नजर गेल्याचा परिणाम थेट वादनावर होतो. या रचनेत दोन्ही हात जाडजूड स्वरसंघात घेऊन पट्ट्यांवर लांब उड्या मारतात, आणि अशा उडीचे अंतर वादक डोळ्यांनी जोखत असतो. इथे ते काम हाताच्या स्मृतीने केले आहे. ही स्मृती तयार कशी झाली, हे त्यांच्या याच रचनेच्या जुन्या मुद्रणांवरून कळते: १९५४मध्ये शिकागोत संचालक फ्रिट्झ रायनर यांच्याबरोबर, १९६४मध्ये बॉस्टनला एरिक लाइन्सडॉर्फ यांच्याबरोबर.

रचना मात्र तरुणाची आहे. १८५४मध्ये ब्राम्सचे मार्गदर्शक, संगीतकार शूमान यांनी ऱ्हाइन नदीत उडी घेतली, त्यानंतरच्या दिवसांत विशीतल्या ब्राम्सने हे संगीत लिहायला घेतले. आधी दोन पियानोंसाठी सोनाटा, मग सिंफनीचा विचार, शेवटी कन्चर्टो. जानेवारी १८५९मध्ये हॅनोव्हरला ती प्रथम सादर झाली आणि पाचच दिवसांनी लाइपझिगच्या श्रोत्यांनी तिची हुर्यो उडवली. वादकाची करामत पाहायला आलेल्यांना इथे आधी कितीतरी वेळ नुसता वाद्यवृंद ऐकावा लागतो, आणि नंतर पियानो येतो तोही हलक्या आवाजात, कसलाही दिमाख न दाखवता.

या प्रवेशाशीच १९७६चे मुद्रण आपली किंमत दाखवते. रायनर यांच्याबरोबरच्या वादनात तडफ आहे, पुढे खेचून नेणारा जोर आहे. इथे रुबिनस्टाइन कोणालाही काही पटवून द्यायला निघालेले नाहीत. स्वर शांतपणे, पुरते वजन घेऊन उतरतात. मधला अडाजिओ म्हणजे शूमान यांची पत्नी क्लारा हिचे कोमल चित्र, असे ब्राम्सने तिलाच कळवले होते. तो भाग इतक्या संथपणे आणि तरीही सलग वाजवणे मला तरुण हातांकडून क्वचितच ऐकायला मिळाले आहे. शेवटच्या रोंडोत पूर्वीची चपळाई नाही. ती उणीव मान्य करायलाच हवी. मेहता वाद्यवृंदाला पियानोच्या पुढे धावू देत नाहीत, म्हणून ती खटकत नाही.

आणखी एक नाते सांगण्यासारखे आहे. हॅनोव्हरच्या त्या पहिल्या प्रयोगाचे संचालन व्हायोलिनवादक योझेफ योआखिम यांनी केले होते. पुढे बर्लिनमध्ये लहानग्या रुबिनस्टाइनच्या शिक्षणावर देखरेख ठेवली ती याच योआखिम यांनी. ब्राम्स आणि हे मुद्रण यांच्यामध्ये अशी एकाच माणसाची ओळख उभी आहे.

वाचकांनी सवड काढून दोन्ही मुद्रणे लागोपाठ ऐकावीत, आधी १९५४चे आणि मग १९७६चे. दुसरे ऐकताना वादकाचे वय मनात आणू नये.