फुफ्फुसे पुरे झाली

पुण्यात टेकडीविषयी चार माणसे बोलू लागली की पाचव्या वाक्याला फुफ्फुसे येतात. वेताळ टेकडी ही 'शहराची फुफ्फुसे' आहे असे आम्ही फलकांवर लिहिले, निवेदनांत लिहिले, आणि २०२३च्या एप्रिलमध्ये बालभारती ते पौड फाटा या नियोजित रस्त्याविरुद्ध मोर्चा निघाला तेव्हा तेच घसा फुटेस्तोवर ओरडलो. आज आमचे म्हणणे असे आहे की टेकडीचे जेवढे नुकसान तिच्या शत्रूंनी केले, त्याच्या निम्मे तरी या एका रूपकाने केले असावे. टेकडीप्रेमी मित्रांना हे रुचणार नाही. न रुचो.

आम्ही या टेकडीवर धावतो. यात मिरवण्यासारखे काही नाही. गुडघे कुरकुरतात आणि वेग सांगण्याजोगा कधी नव्हताच. पण रोज तीच वाट धावणाऱ्याला जमीन तळपायाने कळते. लॉ कॉलेजच्या मागून चढ सुरू केला की पहिला टप्पा गिरिपुष्पाच्या दाटीतून जातो. मध्य अमेरिकेतून आलेले हे झाड वनखात्याने 'हिरवाई'साठी टेकड्यांवर भरमसाट लावले, कारण ते झटपट वाढते, तोडले तरी फुटते आणि गुरे त्याला फारसे तोंड लावत नाहीत. नाव मोठे काव्यमय आहे. खेड्यातला माणूस त्यालाच उंदीरमारी म्हणतो, आणि आमचे मत त्याच्या बाजूने आहे. त्या सावलीत पायाखाली नुसता पाला असतो, गवताची काडी नसते, आणि पाखरांचा आवाजही नावापुरता. मग छप्पर उडावे तसा एकदम माळ उघडतो. मुरूम, सुटे खडे, मध्येच काळ्या कातळाची पाठ. इथे ढांग टाकता येत नाही. अंग जरा पुढे झोकून आखूड पावले टाकावी लागतात, नाहीतर खड्यांसकट माणूस खाली. दिवाळीच्या सुमाराला कुसळी गवत पिकते आणि मोज्यांत शिरलेली कुसळे दुसऱ्या दिवशी कचेरीत टोचत राहतात. पुढे जुन्या दगडखाणीची कड, खाली साठलेले पाणी, मग वेताळाचे देऊळ, आणि तिथून पंचवटीकडे किंवा कोथरूडकडे उतार. फेब्रुवारीत या वाटेवर निष्पर्ण सोनसावरीला पिवळीधमक फुले येतात. सालई, हिवर, धामण ही इथली मूळची मंडळी, विरळ, एकमेकांपासून अंतर राखून उभी असलेली. ती विरळ असतात म्हणूनच त्यांच्यामध्ये गवत असते.

आता या वाटेवर फुफ्फुस कुठे बसवायचे? फुफ्फुसाचे काम एक, ते म्हणजे हवा. हवा म्हटली की झाडे आली, झाडे म्हटली की मोजणी आली. जिथे झाडे कमी तिथे फुफ्फुस आजारी, म्हणजे तिथे झाडे लावली पाहिजेत. माळ हा या हिशेबात रोग ठरतो. आणि रस्ता आखणारा अधिकारी समोर बसून अगदी शांतपणे सांगतो: अमुक झाडे जातील, त्याच्या कितीतरी पट आम्ही अन्यत्र लावून देऊ. या वाक्यापुढे आम्ही गप्प होतो. गप्प व्हावेच लागते, कारण झाडांच्या हिशेबाची वही आम्हीच त्याच्या हाती दिलेली असते. बोगद्याचा प्रस्ताव आला तेव्हाही असेच झाले. वरची झाडे तर वाचतात ना, असे विचारण्यात आले, आणि आमच्यातले निम्मे क्षणभर तरी डळमळले. खोदकाम, राडारोडा, खडकातून झिरपणाऱ्या पाण्याच्या वाटा, यांतले काहीच 'फुफ्फुस' या शब्दात मावत नाही.

आमची भाषा या बाबतीत दरिद्री असती तर गोष्ट वेगळी होती. मराठीत माळ आहे, माळरान आहे, कुरण आहे, गायरान आहे, कोकणात सडा आणि वरकस आहे. इतके शब्द बाळगणाऱ्या समाजाला उघडी जमीन ओळखता येत नाही असे कोण म्हणेल? पण आमच्या छापील साहित्याने माळाला एकच विशेषण चिकटवून ठेवले, ते म्हणजे 'उजाड'. कथेत एकाकीपणा आणायचा झाला की माळ आणायचा, ही सवय इतकी जुनी की ती सवय आहे हेही कुणाच्या लक्षात येत नाही. अपवाद आहेत. व्यंकटेश माडगूळकरांच्या 'बनगरवाडी'तला (१९५५) माणदेशचा माळ मेंढरांनी आणि माणसांनी भरलेला आहे. तिथे दुष्काळ येतो तोही माळ रिकामा होता म्हणून नव्हे, पाऊस पडला नाही म्हणून. पण अभ्यासक्रमात ती कादंबरी वाचलेला माणूसही टेकडीवर आला की म्हणतो, "इथे काहीच नाही, झाडे लावायला हवीत." सरकारी भाषेने याच सवयीवर शिक्का मारला. ज्या जमिनीतून सारा येत नाही ती पडीक, हा इंग्रजी महसूल खात्याचा विचार. २००० साली देशातल्या पडीक जमिनींचा नकाशासंग्रह निघाला त्यातही झुडपी माळ पडीकच धरलेला आहे.

यात आम्ही निर्दोष नाही. एका जुलैत आम्हीही कुदळी घेऊन वर गेलो होतो. वाटेलगतच्या सपाट माळावर रांगेत खड्डे घेतले, रोपे लावली, छायाचित्रे काढली, वडापाव खाल्ला आणि पुण्य गाठीशी बांधून उतरलो. पुढच्या उन्हाळ्यापर्यंत बहुतेक रोपे वाळली. खड्डे राहिले. उकरलेल्या मुरमावर पूर्वीचे गवत धरलेच नाही, तण तेवढे माजले. आम्ही त्या खड्ड्यांवरून आजही धावतो. पाय मुरगळण्याची ती हमखास जागा आहे.

इंग्लंडचे उदाहरण आम्ही जरा संकोचानेच देतो, कारण उठसूट विलायतेकडे बोट दाखवणाऱ्यांची आम्हीच टिंगल करतो. पण ते इथे लागू आहे. २४ एप्रिल १९३२ रोजी मँचेस्टर परिसरातले काही शे तरुण, बहुतेक कामगार, किंडर स्काउटच्या पठारावर मुद्दाम घुसले. ते पठार धनिकांच्या पक्षी-शिकारीसाठी राखलेले होते. पाचजणांना तुरुंगवास झाला. त्याच वर्षी जूनमध्ये बॉब ग्रॅहम नावाच्या गृहस्थाने लेक डिस्ट्रिक्टमधली बेचाळीस शिखरे चोवीस तासांच्या आत पायांखाली घातली. आजही त्या फेरीला आखीव वाट नाही, शिखरे ठरलेली आणि मधली वाट ज्याची त्याने शोधायची. शेवटी २००० साली कायदा झाला आणि डोंगर, मूर, हीथ अशा उघड्या जमिनींवर पायी फिरण्याचा हक्क लोकांना मिळाला. हीथ म्हणजे निकस जमिनीवरचा खुरट्या झुडपांचा माळ. त्याचे नाव कायद्यात आहे, हे आम्हाला महत्त्वाचे वाटते. त्याच कायद्यात १ मार्च ते ३१ जुलै या काळात तिथे कुत्रा आखूड दोरीने बांधूनच न्यावा असेही आहे, कारण तेव्हा जमिनीवर अंडी घालणारे पक्षी बसलेले असतात. त्यांच्यात रातवा असतो. त्याचा भाऊबंद आपल्या माळांवरही जमिनीवरच अंडी घालतो. आपल्याकडे मोकळे कुत्रे नेणारे गृहस्थ टेकडीवर भेटले आणि काही सांगू गेले तर म्हणतात, "अहो, इथे आहे काय?"

आणि आमच्या धावकबंधूंना काय म्हणावे! त्यांना चढावर पायऱ्या हव्यात, पहाटे दिवे हवेत, खडकांवर रंगाने किलोमीटर लिहायला हवेत. कुणाला तर घसरू नये म्हणून सिमेंटचा पट्टाही हवा आहे. असा पट्टा झाला म्हणजे तो टेकडीच्या अंगावरचा रस्ताच झाला, फक्त रुंदी कमी. रस्त्याविरुद्ध मोर्चात चालायचे आणि सोमवारी पट्ट्यासाठी अर्ज करायचा, हे आम्हाला समजत नाही. गुळगुळीत जमीन हवी असेल त्याला गावात मैदाने आहेत.

एका एप्रिलात खाणीच्या अलीकडे टिटवी डोक्यावर येऊन ओरडू लागली. थांबून पाहिले तर वाटेपासून हातभर अंतरावर, खड्यांमध्ये, खड्यांच्याच रंगाची चार अंडी. घरटे म्हणावे असे काहीही नव्हते. आम्ही लांबून वळसा घातला, मागून येणाऱ्यांना सांगितले, तेही वळून गेले. महिनाभरात तिथे वाटेला एक वाकडा फाटा पडला. पाऊस पडला तसा तो गवतात बुजला. त्या जागेवर एकही झाड नाही, त्यामुळे ती कुठल्याही मोजणीत यायची नाही.

सध्या आमच्यापुढे नव्या निवेदनाचा मसुदा आहे. लिहिणारी मंडळी तळमळीची आहेत, वर्षानुवर्षे टेकडीसाठी झिजलेली आहेत, आणि पहिल्याच ओळीत त्यांनी फुफ्फुसे घातली आहेत. आम्ही तो शब्द खोडून 'माळ, झुडपे, खडक, पाणी आणि पायवाटा' असे लिहून मसुदा परत पाठवला आहे. बघू, काय उत्तर येते.